गांगुर्डे सिस्टरचं गोठवलेलं खातं

आमच्या नाशिकरोडच्या शाखेत गांगुर्डे सिस्टर शिरल्या की वॉचमनपासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आत काहीतरी काम आठवायचं. मला आठवून उपयोग नव्हता. मी पैसे काढण्याच्या काउंटरवर बसायचो आणि तो सोडून उठता येत नाही. त्यामुळे या बाईंचा जेवढा ताप मला झाला तेवढा शाखेत दुसऱ्या कुणाला झाला नसेल. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण त्या मला आवडायच्या असा अर्थ कुणी काढू नये. अजूनही आवडत नाहीत.

वत्सला गांगुर्डे. सरकारी रुग्णालयात सगळी नोकरी करून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, हाडकुळ्या, पाठ ताठ. कडक इस्त्रीची फिकट सुती साडी आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी मोजणाऱ्यांचं असतं तसं. दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन काढायला यायच्या. एटीएम वापरायच्या नाहीत. मशीनला जाब विचारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पर्समध्ये एक छोटी डबी असायची, तिच्यात स्पिरिटचा कापूस. काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन त्या आधी पुसायच्या, मग स्लिप भरायच्या. स्लिप भरून झाली की कापूस माझ्यासमोर काचेखालून सरकवायच्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाका म्हणायच्या. आमच्या कॅशियरला नोटा मोजताना जिभेला बोट लावायची सवय होती. त्याच्या हातच्या नोटा त्यांनी सरळ परत केल्या आणि मशीनवर मोजून घेतल्या. मला एकदा डोळ्याला रांजणवाडी झाली होती. त्यांच्या मागे रांगेतल्या पंधरा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, की हा डोळा चोळून मग नोटांना हात लावता का? त्या दिवशी लोक माझ्या काउंटरवरून उठून शेजारच्या रांगेत गेले.

माझं आडनाव पगार. आमच्या सटाण्याकडं पगार पुष्कळ आहेत, पण बँकेत बसलेला पगार म्हटल्यावर लोक एकदा तरी हसतात. सिस्टर कधी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरची पाटी वाचली आणि तेव्हापासून हाक मारताना नुसतं 'पगार' म्हणू लागल्या, हवालदाराला हाक मारावी तसं.

आमच्या शाखेतला शिपाई भिका. त्याच्या बायकोचं बाळंतपण सिस्टरच्या वॉर्डात झालेलं. ती बँकेत डबा घेऊन आली की सिस्टरचं नाव निघायचं. एका रात्री तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई कळांनी ओरडत होती. डॉक्टरांनी फोनवरून इंजेक्शन सांगितलं. सिस्टरनी दिलं नाही. तोंडी ऑर्डर घेत नाही, येऊन कागदावर लिहा, म्हणाल्या. डॉक्टर क्वार्टरमधून येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास ती बाई ओरडत राहिली. सिस्टर तिच्या उशाशी खुर्ची घेऊन बसल्या, हात धरून. पण इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरांनी आल्यावर लिहिलं तेच, जे फोनवर सांगितलं होतं. भिकाची बायको म्हणायची, "लय कडक बाई. काळीज नाय तिला." मला ते पटायचं.

सिस्टरना एकच धाकटा भाऊ, सुभाष. आईवडील लवकर गेले, त्याला यांनीच वाढवला. त्यानं सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना काढला. द्राक्षाच्या हंगामात चांगला चालायचा. त्यासाठी आमच्या बँकेनं कर्ज दिलं, सिस्टर जामीन राहिल्या आणि त्यांचा जेलरोडचा फ्लॅट तारण पडला. एका पतसंस्थेच्या आणि कागद पुरवणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या कागदांवरही त्यांनी भावासाठी सह्या केल्या. मग लॉकडाऊन आला. कारखाना बसला तो बसलाच. सुभाषनं आधी हप्ते बंद केले, मग फोन घेणं बंद केलं, आणि शेवटी बायकोला घेऊन वापीला निघून गेला.

फ्लॅटचा ताबा घ्यायला जे चौघे गेले त्यात मी होतो. अशा वेळी काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. लोक रडतात, दार लावून घेतात, शिव्या देतात. आम्ही गेलो तेव्हा सिस्टरनी फ्लॅट झाडून पुसून ठेवला होता. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. आमचे शाखाधिकारी मुळे साहेब म्हणाले, अहो, आता हे घर बँकेचं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, कागदावर सही होईपर्यंत माझं आहे. साहेबांनी बूट काढले. त्यांच्या एका मोज्याला भोक होतं आणि ते आम्ही तिघांनी पाहिलं.

पंचनाम्यात आम्ही पंखे तीन लिहिले होते. त्यांनी चौथा दाखवला, स्वयंपाकघरातला. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधलेली होती आणि प्रत्येक किल्लीची वेगळी पोच साहेबांकडून लिहून घेतली. खाली उतरताना शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, की भावानं फसवलं हो तुम्हाला. सिस्टर जिन्यातच थांबल्या.

"भाऊ नालायक आहे," त्या म्हणाल्या. "पण सही माझी आहे."

एवढं बोलून दोन पिशव्या घेऊन त्या देवळाली कॅम्पला, भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या.

फ्लॅट लिलावात पडेल भावाला गेला. त्यात कर्ज फिटलं नाही, आणि पतसंस्था न् व्यापारी तर बाकीच होते. तेव्हा सिस्टरनी जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज केला. म्हणजे माझ्याकडे जे काही आहे ते सगळं घ्या, सगळ्या देणेकऱ्यांत न्यायानं वाटून टाका आणि मला नादार ठरवून यातून मोकळं करा, अशी कोर्टाला विनंती. हा कायदा फार जुना आहे आणि हल्ली फार थोडे लोक त्या वाटेला जातात. दोन वकिलांशी भांडण झाल्यावर त्यांनी अर्ज स्वतःच लिहिला. त्याची प्रत नोटिशीबरोबर बँकेत आली. मालमत्तेच्या यादीत लिहिलं होतं: स्टीलचे डबे अकरा, त्यांची झाकणं नऊ. रक्तदाब मोजायचं यंत्र एक, चालू. छत्री एक, काडी मोडलेली.

शाखेत ती यादी मोठ्यानं वाचली गेली आणि सगळे हसले. मीही.

मुळे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना नोटीस अंगावर थुंकल्यासारखी वाटली. ते कर्ज त्यांनी दिलेलं नव्हतं, आधीच्या साहेबांनी दिलं होतं, पण बुडीत खात्यांच्या यादीत ते यांच्या नावावर दिसत होतं आणि बढतीची मुलाखत जवळ आली होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की बाई नादारी घेऊन मोकळी होणार आणि आपण बघत बसायचं का, तिचं इथलं बचत खातं गोठवून टाका. मी म्हटलं, साहेब, त्यात पेन्शन येते. ते म्हणाले, कर्जाला जामीन राहताना पेन्शन नव्हती येत? वरून विचारणा झाली तर मी बघून घेईन.

पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, हे बँकेच्या परीक्षेला मी पाठ केलेलं होतं. कोर्टानंही खातं गोठवा असं कुठं म्हटलं नव्हतं. नोटीस फक्त एवढंच सांगत होती, की असा असा अर्ज आला आहे, तुमचं म्हणणं मांडा. हे सगळं मला कळत होतं. मी जागेवर आलो, संगणकात त्यांचं खातं उघडलं आणि त्याच्यापुढे एक खूण टाकली. त्या खुणेनं पैसे आत येत राहतात, बाहेर जात नाहीत. दहा सेकंदांचं काम. मग चहा आला, तो प्यायलो.

एक तारखेला सिस्टर आल्या. पेन पुसलं, स्लिप भरली, कापूस सरकवला. मी खातं उघडून बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, की पैसे निघणार नाहीत, खातं गोठवलंय.

"कोणाच्या हुकमानं?"

मी साहेबांच्या केबिनकडे बोट केलं. त्या आत गेल्या. काचेतून दिसत होतं: साहेब हातवारे करतायत आणि सिस्टर उभ्या. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. नंतर कळलं, की त्यांनी एवढंच मागितलं होतं. गोठवलं असेल तर तसं लिहून द्या, कुठल्या कलमाखाली तेही लिहा. साहेबांनी लेखी काही देणार नाही म्हणून सांगितलं. सिस्टर परत माझ्या काउंटरवर आल्या, पर्समधून शंभर पानी वही काढली आणि माझ्यासमोर उभ्या राहून वॉर्डातला रिपोर्ट लिहावा तसं लिहिलं. तारीख, वेळ, काउंटरवर कोण, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. मला वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. मी गप्प बसलो. 'उत्तर नाही' असं त्यांनी खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशीही. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सोडून रोज. साडेदहाला दार उघडलं की रांगेत उभ्या. पाचशेची स्लिप भरायच्या, मी नाही म्हणायचो, त्या वहीत लिहायच्या. हे पाच मिनिटांत आटपायचं, पण त्या पाच मिनिटांसाठी मला सकाळी जेवण जाईनासं झालं. त्या आवाज चढवत नव्हत्या. चढवला असता तर वॉचमनला बोलावता आलं असतं.

पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवून घ्या, असं भिकानं त्यांना हळूच सुचवलं. त्यांनी ते आधीच करून पाहिलं होतं. त्यासाठी आमच्या बँकेचा ना-हरकत दाखला लागत होता आणि तो साहेब देत नव्हते. वरच्या कार्यालयाकडे तक्रार केली होती, तिची पोच आली होती, उत्तर नव्हतं.

मे महिना सुरू झाला. एकदा सकाळी मी देवळाली कॅम्पला साडूकडे जाऊन परत येत होतो, तर लॅम रोडनं सिस्टर चालत येताना दिसल्या. काडी मोडलेली छत्री एका बाजूनं लोंबत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही बाई रोज कॅम्पातून नाशिकरोडपर्यंत पायी येते. बसला पैसे नाहीत. मी स्कूटर थांबवली आणि बसा म्हटलं.

"बँकेच्या गाडीवर बसत नाही मी."

मी म्हटलं, सिस्टर, ही माझी स्वतःची गाडी आहे. त्यांनी विचारलं, हप्ता कुठं भरता? गाडी बँकेच्या कर्जावरच होती. त्या पुढे चालू लागल्या. मी बँकेत पोहोचून पाऊण तासानं त्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि गाडीचा विषय झालाच नाही असं वागल्या.

पोट कशावर चाललं होतं ते आम्हाला भिकाकडून कळायचं. कॅम्पात लष्करातल्या लोकांची कुटुंबं आहेत, तिथं कुणाला इंजेक्शन दे, कुणाची जखम बांध, असं करून थोडंफार मिळायचं. पण त्याचीही त्या पावती द्यायच्या आणि लोक पावती बघून बिचकायचे. घरमालकिणीनं दोन महिने थांबून तिसऱ्या महिन्यात खोली सोडा म्हणून सांगितलं. शेजारणीनं डबा पाठवला, तर तो परत गेला. वर निरोप, की भाजीत तेल फार आहे, तुमच्या मालकांच्या रक्तदाबाला चालणार नाही.

मी काही दयाळू माणूस नाही. पण दिवसभर ती वही डोळ्यासमोर यायची. शेवटी एका शुक्रवारी मी खिशातले दोन हजार त्यांच्याच स्लिपमध्ये घडी घालून काचेखालून सरकवले. त्यांनी घडी उघडली.

"हे माझ्या खात्यातले?"

"नाही. माझे आहेत."

त्या नोटांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता तोंडावर फेकतील. त्यांनी विचारलं, व्याज किती, परत कधी करायचे? मी म्हटलं, व्याज नको, जमेल तेव्हा द्या. तसं चालत नाही, म्हणाल्या. वहीत 'हातउसने' असं लिहिलं, रक्कम लिहिली, माझं पूर्ण नाव आणि पत्ता विचारून लिहिला आणि माझ्याकडून सही घेतली. मागे रांग खोळंबली होती म्हणून मी करून टाकली. नोटा मशीनवर मोजून घेतल्या आणि गेल्या. धन्यवाद वगैरे काही नाही. तरी दोन दिवस मला फार बरं वाटत होतं. बायकोलाही सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी बँकेच्या टपालात माझ्या नावानं कोर्टाची नोटीस आली. सिस्टरनी कोर्टात लेखी कळवलं होतं, की अर्ज केल्यानंतर मला आणखी एक कर्ज घ्यावं लागलं, सबब देणेकऱ्यांच्या यादीत पुढील नाव वाढवावं. पुढील नाव माझं. हुद्दा: लिपिक. आणि त्यापुढे त्याच बँकेचं नाव, जी त्याच यादीत पहिल्या क्रमांकावर होती.

सबंध शाखेनं ते वाचलं. मुळे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कर्मचाऱ्यानं ग्राहकाशी पैशाचा व्यवहार करू नये या नियमाखाली मेमो दिला. माझ्या नोकरीतला पहिला मेमो. घरी बायको म्हणाली, आणखी करा उपकार.

दुसऱ्या दिवशी सिस्टर नेहमीप्रमाणे आल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलो. मला मेमो मिळाला, म्हटलं. मी तुम्हाला मदत केली आणि तुम्ही माझं नाव कोर्टात नेलं.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मदत नव्हती ती, पगार. उसने होते. मदत करायची असती, तर खातं उघडलं असतंत."

मग त्यांनी स्लिप भरली. मी नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं.

तारीख पडली. मला हजर राहायचं होतं आणि बँकेचे वकील व मुळे साहेबही येणार होते. साहेबांनी मला आदल्या दिवशी पढवलं, की माझी ती खासगी उसनवारी होती एवढंच सांगायचं, बाकी काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. त्या वर्षी माझी मुलगी बारावीला होती. घराचं कर्जही बँकेचंच. माहीत नाही म्हणायची माझी पूर्ण तयारी होती.

न्यायाधीश बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी कागद चाळले आणि सिस्टरना विचारलं, की तुम्हाला सरकारी पेन्शन आहे, मग दोन हजार रुपये उसने घ्यायची वेळ का आली? सिस्टर बहुधा याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्यांनी वही उघडली आणि पहिल्या तारखेपासून वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, कोण, उत्तर. दोन पानं झाल्यावर न्यायाधीशांनी थांबवलं आणि बँकेच्या वकिलांना विचारलं, की कोर्टाचा असा काही आदेश आहे का? वकील म्हणाले, आदेश नाही, पण खबरदारी म्हणून, बँकेचं हित म्हणून. न्यायाधीश म्हणाल्या, लेखी निर्णय दाखवा. वकिलांनी मागे साहेबांकडे बघितलं. सिस्टरनी परवानगी मागितली, की या साक्षीदाराला मी दोन प्रश्न विचारते.

मी उभा राहिलो. त्या समोर आल्या. मनगट वळवून आधी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.

"खात्यावर खूण कोणी टाकली?"

"मी."

"कोणाच्या लेखी हुकमावरून?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून मोबाइल बघत होते. मला त्या क्षणी लख्ख कळलं, की संगणकात माझा नंबर आहे, साहेबांचा कुठंच नाही, आणि हा माणूस मोबाइलमधून डोकं वर काढणार नाही. लोक मला नंतर धाडसी वगैरे म्हणाले. धाडसाचा काही संबंध नव्हता. मी घाबरलो होतो.

"लेखी हुकूम नव्हता," मी म्हटलं. "शाखाधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं."

सिस्टरनी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसल्या. पेन्शन ताबडतोब मोकळी करा आणि खातं का अडवलं याचा लेखी खुलासा पुढच्या तारखेला द्या, असा आदेश न्यायाधीशांनी त्याच दिवशी दिला. बाहेर आल्यावर साहेब माझ्याशी बोलले नाहीत. सिस्टरही बोलल्या नाहीत. कोर्टाच्या फाटकाबाहेर रिक्षावाले ओरडत होते, त्यांच्यामधून त्या सीबीएस बसस्थानकाच्या दिशेनं चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला रांगेत होत्या. मी स्लिप घेतली, खूण काढलेली होती, पैसे दिले. त्यांनी मशीनवर मोजून घ्यायला लावले. मग मला म्हणाल्या, की तुमचे दोन हजार आत्ता देता येणार नाहीत. एकाला आधी दिले तर बाकीच्यांवर अन्याय होतो. यादीत तुमचा क्रमांक पाचवा आहे. मी म्हटलं, राहू द्या. राहू कसे देता येतील, म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं, आता त्या बँक बदलतील. भिकानं विचारलंही. त्या म्हणाल्या, मी का जाऊ, मी काय केलंय? फक्त चालणं नको म्हणून खातं आमच्याच बँकेच्या कॅम्प शाखेत नेलं. नाशिकरोडच्या शाखेत त्या दिवशी पेढे वाटायचे बाकी होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. खुलाशात बँकेनं लिहिलं, की हे कर्मचाऱ्याच्या गैरसमजुतीतून झालं. कर्मचारी म्हणजे मी. माझी बदली वणीला झाली. सप्तशृंगीच्या यात्रेत चिल्लर मोजण्यात माझी तीन वर्षं गेली. मुळे साहेबांना बढती मिळाली. सिस्टर यथावकाश नादार ठरल्या. कोर्टानं नेमलेल्या माणसानं होतं नव्हतं ते विकून सगळ्यांना वाटलं. माझ्या वाट्याला एकशे बारा रुपये आले, चेकनं. तो मी वठवला.

वणीहून सुटलो तो देवळाली कॅम्प शाखेत. तिथं पहिल्याच नोव्हेंबरात, ज्यांनी हयातीचा दाखला दिलेला नाही अशा पेन्शनरांची यादी माझ्यापुढे आली. जे आजारी असतात त्यांच्या घरी जाऊन, माणूस जिवंत आहे एवढं बघून, सही घेऊन यायचं असतं. नाही आणली तर पेन्शन थांबते. यादीत चौथं नाव गांगुर्डे. मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकलो असतो. का नाही पाठवलं ते मला सांगता येत नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बैठ्या बंगल्याची मागची खोली. दार एका तिशीतल्या बाईनं उघडलं. सुभाषची मुलगी, मनीषा. बाप आला नव्हता, ही आली होती, सुट्टी टाकून. ती हलक्या आवाजात म्हणाली, की आत्याला दिसत फारसं नाही आणि आठ दिवस झाले, ती उठून बसलेली नाही. डॉक्टर म्हणतात आता असंच चालायचं. पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागतं. सही कशी होणार माहीत नाही, अंगठा चालेल का?

खाटेवर फार थोडं माणूस उरलं होतं. चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. डोळे मिटलेले होते.

"कोण आहे?" आवाज आला. तो मात्र तोच होता.

मनीषानं सांगितलं, बँकेतून आलेत, आत्या.

चादर हलली. आधी एक हात बाहेर आला आणि त्यानं खाटेची कड धरली. मनीषा पुढे धावली, तिला त्या हातानं बाजूला सारलं. मग कोपर टेकवून, दम घेऊन, पुन्हा दम घेऊन, त्या उठल्या. पाय खाली सोडले. केस मागे सारले, पदर नीट केला. पाठ सरळ व्हायला बराच वेळ लागला, पण झाली. मनीषा तोंडावर हात धरून बघत होती.

मी कागद पुढे केला आणि मी पगार, असं सांगितलं. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. कागदावर काय काय लिहिलंय ते त्यांनी पूर्ण वाचायला लावलं. मी वाचलं. तारीख चुकली होती, ती दुरुस्त करायला लावली. मग पेन घेऊन, बोटानं कागदाची कड चाचपून त्यांनी सही केली. ती ओळीच्या पार खाली गेली, पण पूर्ण नावाची होती.

काम झालं होतं. मनीषा म्हणाली, बसा ना, चहा टाकते.

"यांना चहा नको," सिस्टर म्हणाल्या. "कामावर आहेत."

मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निघालो. फाटकाशी चपलेत पाय घालताना मागे बघितलं. खोलीचं दार उघडंच होतं. मनीषा त्यांना आडवं करायला बघत होती आणि त्या तिला मानेनं नाही म्हणत होत्या. मी रस्त्याला लागेपर्यंत त्या तशाच बसलेल्या होत्या, दाराकडे तोंड करून.